वाचक विचारतात : गव्हाणीत काय घालतात?

डिसेंबर जवळ आला की आमच्या टपालात नाताळच्या गोठ्याचीच, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्याचीच पत्रं जास्त. यंदा पाच निवडलीत. नावं नेहमीप्रमाणे काढलीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या पोरांनी यंदा गोठ्यासाठी घरटी पाचशे रुपये वर्गणी लावलीय. थर्माकोलचे डोंगर, मोटर लावून धबधबा, लाइटिंगवाला वेगळा, साउंडवाला वेगळा. मागच्या वर्षी स्पर्धेत दुसरा नंबर आला तर परीक्षकांना शिव्या घातल्या. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी पेंढा आणि मातीची चार चित्रं एवढंच असायचं. ह्या सगळ्यात भक्ती कुठे राहिली? – एक आई, वसई

ताई, आधी एक कबुली देते. मी स्वतः एकदा असल्या स्पर्धेची परीक्षक होते आणि धबधब्यालाच पहिला नंबर देऊन आले. घरी आल्यावर फोटो बघत होते तर लक्षात आलं की त्या गोठ्यात गव्हाणच नव्हती. बाळ कापसाच्या बर्फावर ठेवलं होतं. वसईत बर्फ! आपण इथे डिसेंबरात स्वेटर काढतो तो दोन दिवस, तेही पहाटेच्या मिस्साला (चर्चमधली उपासना, जिच्यात वेदीवर भाकर मोडतात), आणि बाळ मात्र बर्फात.

त्यानंतर मी धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न विचारायला लागले, गव्हाणीत काय घालतात? दहातली आठ पोरं सांगतात, बाळ येशूला. त्यांना खरंच वाटतं की गव्हाण म्हणजे येशूच्या पाळण्याचंच नाव आहे. चूक त्यांची नाही, त्यांनी गाय बघितलीय ती रस्त्यात प्लास्टिक खाताना. माझ्या वडलांकडे दोन म्हशी होत्या त्यामुळे मला माहितीय, गव्हाणीत वैरण घालतात, पेंढा, गवत, कोंडा, आंबोण. ती जनावराच्या खाण्याची जागा. लाकूड चाटून चाटून गुळगुळीत झालेलं असतं आणि कडेला कायम थुंकी लागलेली असते. त्यात बाळ ठेवलं.

आता बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, दुसरा अध्याय काढून बघा, छोटीशी गोष्ट आहे पण त्यात गव्हाणीचा उल्लेख तीन वेळा येतो. मरियेने बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, मग देवदूत मेंढपाळांना सांगतो की तुम्हाला खूण ही, बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ गव्हाणीत दिसेल, आणि मग ते जाऊन बघतात तर खरंच गव्हाणीत. म्हणजे खूण म्हणून जे सांगितलंय ते तारा नाही, उजेड नाही, गव्हाण आहे. आणि बेथलेहेम ह्या नावाचा हिब्रूत अर्थ काय, तर भाकरीचं घर. भाकरीच्या घरात, खाण्याच्या जागेत ठेवलेलं बाळ, जे मोठं झाल्यावर म्हणतं मी जीवनाची भाकर आहे, आणि शेवटच्या रात्री भाकर मोडून म्हणतं हे माझं शरीर आहे. संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वीच हे जोडून दाखवलंय, गव्हाणीत ठेवला गेला आणि आपलं अन्न झाला.

म्हणून मला विचाराल तर नाताळचा गोठा ही मिस्साच्या आधीची अर्धी गोष्ट आहे, उरलेली अर्धी वेदीवर होते. आणि ज्याने गोठ्याची पद्धत सुरू केली म्हणतात त्या असिसीच्या फ्रान्सिसने तर ते शब्दशः तसंच केलं होतं. १२२३ चा डिसेंबर, इटलीतलं ग्रेच्चो गाव. नाताळच्या साधारण पंधरा दिवस आधी त्याने तिथल्या जॉन नावाच्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवलं की गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव तयार ठेव, ते बाळ कसं अडचणीत, गवतावर पडलं होतं ते मला ह्या डोळ्यांनी बघायचंय. रात्री गावातले लोक मशाली आणि मेणबत्त्या घेऊन आले. आणि गंमत बघा, त्याचं चरित्र लिहिणाऱ्या थॉमसच्या वर्णनात मरिया, योसेफ, राजे, मेंढपाळ असल्या मूर्ती कुठेच नाहीत. गव्हाण, गवत, जनावरं, आणि त्या गव्हाणीवर मिस्सा. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हता, डीकन म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा सेवक होता, त्यामुळे मिस्सा दुसऱ्याने केला आणि ह्याने शुभवर्तमान गायलं. मूर्ती नाही, स्पर्धा नाही, धबधबा तर नाहीच. लोकांनी गव्हाण बघितली आणि तिच्यावरच मिस्सा झाला.

आणि आपल्याकडे काय होतं, मिस्सा चालू असताना निम्मी गर्दी बाहेर गोठ्यापाशी सेल्फी काढत असते, आत फादर भाकर उचलतायत आणि बाहेर कोणीतरी ओरडतंय अरे धबधब्याचं बटण दाब.

पण पोरांना झापू नका हं. महिनाभर संध्याकाळी हीच पोरं एकत्र बसून बांबू बांधतात, कागद रंगवतात, मोबाइल खिशात राहतो, ज्या दोन घरांचं वर्षभर बोलणं नाही त्यांची पोरं एकाच डोंगराला ब्रश मारतात, हे काय कमी आहे? फक्त दोन गोष्टी सांगा त्यांना. एक, गव्हाण खरी करा आणि समोर ठेवा, दिसली पाहिजे, जमलं तर कोणाच्या तरी गोठ्यातली वापरलेली मागून आणा, आगाशी-नंदाखाल बाजूला अजून सापडेल. दुसरं, गव्हाणीशेजारी एक टोपली ठेवा आणि येणाऱ्याला त्यात तांदूळ, डाळ, तेल ठेवायला सांगा, नाताळच्या आदल्या दिवशी ते ज्याच्या चुलीला लागतंय त्याच्याकडे जाऊ दे. खाण्याची जागा आहे ती, रिकामी कशी ठेवायची. नंबर नाही आला तर नाही आला.

प्रश्न : आम्ही हिंदू, पुण्यात राहतो. शेजारी ख्रिश्चन कुटुंब आहे, त्यांच्या घरी गोठा बघायला गेलो तर आईवडील, मेंढ्या, सगळं होतं पण बाळाची जागा रिकामी. विचारायला संकोच वाटला. आमच्याकडे जन्माष्टमीला रात्री बाराला पाळणा हलवतात तसंच काही असतं का? – एक काका, पुणे

काका, संकोच करू नका, विचारलं असतंत तर त्यांनी चहा करून तासभर सांगितलं असतं, आम्हा लोकांना हे सांगायला फार आवडतं.

बाळ अजून जन्मायचंय म्हणून जागा रिकामी. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळ असतो, वाट बघण्याचा काळ. काही घरांत मुलांना सांगतात की एखादं चांगलं काम केलंस की गव्हाणीत एक काडी टाक, म्हणजे चोवीस तारखेपर्यंत बाळाला मऊ अंथरूण होईल (आमच्या घरी धाकट्याने एकदा एकाच दिवशी मूठभर पेंढा टाकला होता, चौकशी केल्यावर म्हणाला पुढच्या आठवड्याचं ॲडव्हान्स). मध्यरात्रीच्या मिस्सानंतर घरातलं सगळ्यात लहान माणूस बाळ आणून ठेवतं. बाळाला भेटी घेऊन येणारे तीन राजे तर अजून उशिरा, सहा जानेवारीच्या सणाला पोचतात. आमचे राजे फ्रिजवरून निघतात आणि रोज थोडे थोडे सरकत जातात.

जन्माष्टमीशी सारखेपणा आहेच की. मध्यरात्र, बाळ, राजाला वाटलेली भीती आणि त्यापायी बाळाला घेऊन रातोरात निघावं लागणं. आमच्याकडे हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठतो आणि योसेफ आईला आणि बाळाला घेऊन इजिप्तला पळतो. म्हणजे जन्मल्या जन्मल्या परदेशात आसरा मागणारं कुटुंब, ही गोष्टीची बाजू गोठ्यात कोणी दाखवत नाही पण ती आहे. मराठी माणसाला ही गोष्ट ओवीत पण मिळालेली आहे, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, त्यात येशूचा जन्म चक्क ओव्यांमध्ये सांगितलाय. नाताळ हा शब्द मात्र पोर्तुगीज, तिकडे नाताल म्हणजे जन्माचा.

फरक विचाराल तर मला एकच वाटतो, आणि हा माझा विचार आहे, फादरांना विचारून लिहिलेला नाही. पाळण्याला दोरी असते, ती आपल्या हातात असते, आपण लाडाने झोका देतो. गव्हाण हलत नाही. तिच्यात बघायचं तर आपल्यालाच वाकावं लागतं. बेथलेहेमला येशूच्या जन्मस्थानावर जे चर्च आहे त्याचं दार पण एवढं बुटकं आहे की मोठ्या माणसाला वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत वेदीखाली जमिनीत चौदा टोकांचा चांदीचा तारा बसवलाय, तिथे तर लोक गुडघ्यावरच येतात.

चोवीसच्या रात्री शेजाऱ्यांकडे जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि रिकाम्या हाताने परत येणार नाही ह्याची खात्री मी देते.

प्रश्न : आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाटिका बसवतात त्यात बैल, गाढव, तीन राजे, दार लावणारा खाणावळवाला असे सगळे असतात. मी बायबल उघडून दाखवलं की ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही, पंचवीस डिसेंबर ही तारीख पण नाही. तर मला म्हणतात तू सणाचा विचका करतोस. शिवाय मूर्ती ठेवणं मला पटत नाही. तुमचं काय मत? – एक तरुण, अहिल्यानगर

दादा, तुमचं बरोबर आहे. आता भांडण संपलं असं समजून पुढे वाचा.

लूकमध्ये जनावरांचा उल्लेख नाही, मेंढपाळांच्या कळपाचा आहे तो बाहेर रानात. मत्तयच्या शुभवर्तमानात मागी लोक (तुमच्या नाटिकेतले राजे ते हेच) किती होते ते सांगितलेलं नाही, तीन भेटी होत्या म्हणून लोकांनी तीन माणसं धरली, त्यांना राजे पण नंतर केलं आणि नावं पण नंतर दिली, आणि ते आले ते गोठ्यात नाही, मत्तय म्हणतो घरात. तारखेचं म्हणाल तर पंचवीस डिसेंबरची सगळ्यात जुनी पक्की नोंद रोममधल्या ३५४ सालच्या एका यादीत आहे, आर्मेनियन चर्च आजही सहा जानेवारीलाच जन्म साजरा करतं. इंग्लंडमधल्या प्युरिटन म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट लोकांनी तर सतराव्या शतकात ह्याच कारणावरून नाताळवर बंदी घातली होती, तेव्हा तुमच्या बाजूने बोलणारे पुष्कळ होऊन गेलेत.

पण खाणावळवाल्याचं प्रकरण जास्त मजेचं आहे. आपल्या मराठी बायबलमध्ये उतारशाळेत जागा नव्हती असं आहे. मूळ ग्रीक शब्द आहे कातालिमा. तोच शब्द लूक पुढे बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो, म्हणजे पाहुण्यांची खोली. पैसे देऊन उतरायची धर्मशाळा असं जेव्हा त्याला म्हणायचं असतं, चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत, तेव्हा तो वेगळाच शब्द घेतो. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की योसेफ मरियेला कोणी हाकलून दिलं नव्हतं, नातलगाच्याच घरी आले होते, पाहुण्यांची खोली भरलेली होती म्हणून घरातल्या मोठ्या खोलीत सोय केली. तिकडच्या गावातल्या घरांत एका टोकाला जरा खालच्या अंगाला रात्री जनावरं बांधायची, वरच्या अंगाला माणसं झोपायची, आणि मधे त्या उंचवट्याच्या कडेला गव्हाण.

हे ऐकून इंग्रजी सिनेमा बघणाऱ्याला आश्चर्य वाटेल, आपल्याला वाटायचं कारण नाही. माझ्या आज्जीच्या घरात पडवीला गाय आणि आत आम्ही, मधे एक कुडाची भिंत. रात्री गाय रवंथ करायची ते ऐकत झोप लागायची. तुमच्या नगर भागातल्या जुन्या घरांत पण आजोबांना विचारा. म्हणजे बाळ कुठे लांब, जगाने टाकलेल्या ठिकाणी नाही जन्मलं, भरल्या घरात जन्मलं, पाहुणे, आत्या, मावश्या, जनावरं, सगळ्यांच्या मधे, जिथे जागा सापडली तिथे ठेवलं. मला तरी हे जास्त आवडतं. नाहीतर दर वर्षी तो बिचारा दार लावणारा मुलगा नाटिकेत शिव्या खातो.

बैल गाढव मात्र मी काढू देणार नाही. ते बायबलच्या जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातून आलेत, तिथे संदेष्टा म्हणतो की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, पण माझ्या लोकांना कळत नाही. परत गव्हाण! जुन्या चित्रकारांनी ती दोन जनावरं टोमणा म्हणून घातलीत, त्यांना कळतं आपलं खाणं कुठे आहे, आणि तुम्हाला? हे पोरांना एकदा समजावून सांगा आणि बैल झालेल्या मुलाला चांगला डायलॉग द्या.

मूर्तीबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. आम्ही कॅथलिक मूर्ती ठेवतो, तिची पूजा करत नाही, आईचा फोटो ठेवतो तशी ठेवतो, एवढंच म्हणेन. तुम्हाला नको तर नको. तुमच्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आहेत, पेटी आहे, टाळ आहेत, नाताळ डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त साजरा होतो. आणि गव्हाणीचं जे वर लिहिलंय ते तुमच्या प्रभुभोजनाला पण तेवढंच लागू पडतं, त्यासाठी मूर्ती लागत नाही.

प्रश्न : ऑगस्टमध्ये माझे मिस्टर गेले. नातेवाईक म्हणतात वर्षभर सण नाही, तारा लावायचा नाही, फराळ करायचा नाही. मुलगी सात वर्षांची आहे, ती रोज विचारते गोठा कधी करायचा. काय करू? – पालघर

बाई गं, तुला काय सांगू. गोठा कर.

वर्ष पाळण्याची रीत आपल्या सगळ्यांच्याच घरात आहे, ती माया दाखवायची एक पद्धत आहे, त्यांच्याशी भांडू नकोस. तारा नाही लावला, करंज्या, कुलकुल नाही केले, नवे कपडे नाही घेतले तरी चालेल, शेजारचे आणून देतीलच. पण गोठा म्हणजे फराळ नाही, ती प्रार्थना आहे, आणि प्रार्थनेला वर्ष लागत नाही. चर्चचा असा काही नियम नाही की दुःखाच्या घरात बाळ येऊ नये. २०२३ च्या नाताळात, गाझात युद्ध चालू होतं तेव्हा, खुद्द बेथलेहेमने जाहीर सोहळे रद्द केले होते, झाड नाही, रोषणाई नाही. पण तिथल्या ल्युथरन चर्चने गोठा केला. फुटलेल्या सिमेंटच्या तुकड्यांचा ढीग, आणि त्यात बाळ, अंगावर तिकडचं काळं-पांढरं कापड गुंडाळलेलं. दुःख झालंय म्हणून त्यांनी गोठा बंद नाही ठेवला, दुःखाच्या मधेच नेऊन ठेवला.

मुलीला सांग पप्पांचा एखादा जुना शर्ट घे आणि गव्हाणीत पेंढ्यावर अंथर. रडायला येईल दोघींना. येऊ दे.

प्रश्न : मी नर्स आहे, कुवेतला. चोवीस आणि पंचवीस दोन्ही दिवस नाईट लागलीय, सुट्टी मिळाली नाही. पहिल्यांदाच मिस्साशिवाय नाताळ. आई फोनवर रडते. मला पण वाटतं की माझा नाताळ झालाच नाही असं होणार. – मूळ गाव वसई तालुका

बेटा, त्या रात्री ज्यांना पहिली बातमी मिळाली ते कोण होते आठव. देवळातले याजक नव्हते, झोपलेलं गाव नव्हतं. लूक लिहितो, रात्री आळीपाळीने कळप राखणारे मेंढपाळ. आळीपाळीने म्हणजे शिफ्टच की! नाईट ड्युटीवरचे लोक. बाकीचं बेथलेहेम उताणं पडून घोरत होतं.

मिस्साचं म्हणशील तर मिस्सा आहेच, तो कोणी काढून घेत नाहीये. तिकडच्या चर्चमध्ये आपली माणसं कामावर असतात म्हणून शुक्रवारी पण मिस्सा ठेवतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. आणि नाताळ आपल्याकडे एका दिवसाचा नसतोच, पंचवीसला सुरू होतो आणि येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, जानेवारीत. तू पहिल्या सुट्टीच्या दिवशी जाऊन कम्युनियन, मिस्सातली ती भाकर, घेतलंस की तुझा नाताळ झाला, उशिरा नाही, काळातच. ते मागी लोक किती लांबून किती उशिरा पोचले, त्यांना कोणी म्हटलं नाही की सण संपला.

आणि बाराला पाच मिनिटं मिळाली तर मोबाइलवर लूकचा दुसरा अध्याय काढून वाच, पहिल्या वीस ओळी. सोबत ड्युटीला कोणी केरळची असेल, कोणी फिलिपिन्सची, दोघी तिघी मिळून वाचा, आपापल्या भाषेत. मग डबा उघडा आणि वॉर्डमधल्या सगळ्यांना द्या, मुसलमान, हिंदू, कोणी असो, पेशंटला चालत असेल तर पेशंटला पण. गव्हाणीचं वर एवढं लिहिलंय ते ह्याचसाठी.

आईला माझा निरोप सांग की रडू नको, कुलकुल पाठव. फक्त कागदात नको, स्टीलच्या डब्यात घालून वरून टिश्यू कोंबायला सांग. मी भाचीला मागच्या वर्षी पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवले होते तर दुबईला पोचला तो भुगा, बिचारीने चमच्याने खाल्ला.